आद्य कोण, पूर्वज कोण? : दोन पुनरागमनांच्या निमित्ताने

कोणत्याही कलेच्या इतिहासलेखनात 'पहिला' या शब्दाला विलक्षण वजन असते. मराठीतील पहिली कादंबरी कोणती, पहिले नाटक कोणाचे, पहिला निबंधकार कोण, असे प्रश्न आपण विद्यार्थ्यांना विचारतो आणि त्यांची उत्तरे एका वाक्यात मागतो. या सवयीत एक महत्त्वाचा भेद निसटून जातो. जो पहिला असतो, तो पूर्वज असतोच असे नाही. आद्य ठरायला एक तारीख पुरते. पूर्वज ठरायला वंश लागतो. हा भेद साहित्याच्या बाहेरील एका क्षेत्राच्या आधारे तपासून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते क्षेत्र आहे इलेक्ट्रॉनिक संगीताचे. त्यासाठी निवडलेली उदाहरणे दोन संगीतकारांची आहेत: इटलीत जन्मलेले आणि म्यूनिकमध्ये नावारूपाला आलेले जॉर्जो मोरोडर, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात आयुष्य घालवलेले चरणजित सिंग. दोघे साधारण एकाच वयाचे. दोघांचेही उतारवयात पुनरागमन झाले. एक परतला तो नवा अल्बम घेऊन. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र त्याचा अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा जुना अल्बमच नवा होऊन परतला.

प्रथम मोरोडर यांच्याविषयी. त्यांचा जन्म २६ एप्रिल १९४० रोजी उत्तर इटलीतील दक्षिण टायरॉल प्रांतातल्या ओर्तिझेई या डोंगरी गावी झाला. इटालियन, जर्मन आणि लादिन या तीन भाषा जिथे शेजारी शेजारी नांदतात, असा हा प्रदेश. तरुणपणी ते जर्मनीत गेले आणि पुढे म्यूनिकमध्ये त्यांनी म्यूझिकलँड हा स्टुडिओ उभारला. पीट बेलट हा इंग्रज सहकारी आणि अमेरिकेतून जर्मनीत आलेली गायिका डोना समर यांच्या साथीने त्यांनी जे काम केले, त्याने नृत्यसंगीताची दिशा बदलली. इथे एक खुलासा आवश्यक आहे. चित्रपटांमुळे 'प्रोड्यूसर' म्हटले की आपल्याला पैसा घालणारा निर्माता आठवतो. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात मात्र प्रोड्यूसर म्हणजे ध्वनीचा दिग्दर्शक. कोणते वाद्य, कोणता आवाज, किती जवळून, किती लांबवून, याचा निर्णय घेणारा. मोरोडर या अर्थाने प्रोड्यूसर होते.

१९७७ साली डोना समरचा 'आय रिमेंबर यस्टरडे' हा अल्बम आला. त्याची कल्पना अशी होती की, एकेका गाण्यातून गेलेल्या काळातील संगीताच्या शैली आठवत जायचे आणि शेवटच्या गाण्यात भविष्यकाळात पाऊल टाकायचे. हे भविष्याचे गाणे म्हणजे 'आय फील लव्ह'. भविष्यकाळाला वाद्यवृंद नसेल, असे गृहीत धरून मोरोडर यांनी ते जवळजवळ संपूर्णपणे मूग सिंथेसायझरवर रचले. त्यातील खर्जातल्या स्वरांची साखळी यंत्राने चालवलेली आहे. प्रत्येक स्वर एका बाजूच्या कर्ण्यातून ऐकू येतो आणि क्षणार्धात त्याची प्रतिमा दुसऱ्या बाजूने उमटते. त्यामुळे मूळ चाल दुप्पट वेगाने धावल्याचा भास होतो. ढोलाचा ठोका मात्र माणसाने वाजवलेला आहे, कारण यंत्राला तेव्हा तसा भरीव ठोका काढता येत नव्हता. ज्या गाण्याला आपण यंत्रयुगाचा जाहीरनामा समजतो, त्याच्या तळाशीही माणसाचे पाऊल आहे, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढची कथा सुपरिचित आहे. 'मिडनाइट एक्सप्रेस' (१९७८) या चित्रपटाच्या संगीतासाठी आणि पुढे 'फ्लॅशडान्स' (१९८३) व 'टॉप गन' (१९८६) यांतील गीतांसाठी त्यांना एकूण तीन ऑस्कर पुरस्कार मिळाले. त्यानंतर ते हळूहळू संगीतापासून दूर झाले. चित्रकलेत आणि संगणकात त्यांनी मन रमवले. एका क्रीडा-मोटारीच्या निर्मितीत भागीदारीही केली. दरम्यान त्यांनी रुजवलेली रीत जगभर वाढत होती. हाउस, टेक्नो, ट्रान्स अशा नाना नावांनी ओळखले जाणारे नृत्यसंगीत थोडेफार त्या एका गाण्याच्या वंशावळीत बसते. २०१३ साली डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने आपल्या 'रँडम अॅक्सेस मेमरीज' या अल्बममधील एका दीर्घ रचनेत मोरोडर यांनाच बोलते केले. आपल्या उमेदवारीची हकीकत ते स्वतः सांगतात आणि संगीत त्या हकीकतीभोवती वाढत जाते. नातवंडांनी आजोबांना ओसरीवर बसवून गोष्ट सांगायला लावावी, तसा हा प्रसंग. या अल्बमला ग्रॅमी मिळाले आणि मोरोडर हे नाव नव्या पिढीच्या तोंडी आले.

या पार्श्वभूमीवर जून २०१५ मध्ये दोन दशकांहून अधिक काळानंतर त्यांचा स्वतःचा नवा अल्बम आला. नाव होते 'देजा व्यू', म्हणजे 'पूर्वी पाहिलेले'. कायली मिनोग, ब्रिटनी स्पीअर्स, सिया, केलिस, चार्ली एक्ससीएक्स अशा नामांकित गायिका त्यात होत्या. वयाची चेष्टा करणारी, चौऱ्याहत्तर म्हणजेच नवे चोवीस अशा आशयाच्या शीर्षकाची एक गायनरहित रचनाही होती. स्वागत झाले, पण संमिश्र. अनेक समीक्षकांची तक्रार अशी की, हा अल्बम इतरांसारखाच वाटतो.

या तक्रारीचा बारकाईने विचार करायला हवा. मोरोडर इतरांसारखे वाटतात, याचे कारण इतर मोरोडर यांच्यासारखे झाले होते. ज्याची रीत सर्वांची रीत होते, त्याच्यापाशी स्वतःची अशी रीत उरत नाही. मर्ढेकरांनंतर काही काळ सर्वत्र मर्ढेकरी वळणाची कविता दिसू लागली. त्या काळात खुद्द मर्ढेकरांची एखादी साधारण कविता निनावी छापली असती, तर ती अनुकरण म्हणून बाजूला पडली नसती कशावरून? यशस्वी पूर्वजाची ही शोकांतिका आहे. त्याचे घर गेलेले नसते. त्यात माणसे इतकी झालेली असतात की त्याला बसायला जागा नसते. शिवाय १९७७ चे गाणे केवळ यंत्राचे नव्हते. यंत्राच्या काटेकोरपणासमोर तरंगत राहणाऱ्या डोना समरच्या आवाजाचेही होते. मे २०१२ मध्ये तिचे निधन झाले. नव्या अल्बममध्ये आवाज पुष्कळ होते. पण प्रत्येक गाण्याला वेगळा पाहुणा होता आणि यंत्राशी दीर्घ संवाद करील असा एकही आवाज नव्हता. भविष्याचे गाणे रचणाऱ्या माणसाच्या नव्या अल्बमचे नाव 'पूर्वी पाहिलेले' असावे, या योगायोगात बरेच काही सामावलेले आहे.

आता मुंबईकडे वळू. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक होते. बास गिटार, गिटार, पुढे इलेक्ट्रॉनिक कळफलक अशी त्यांची वाद्ये. राहुलदेव बर्मन यांच्यासह त्या काळातील प्रमुख संगीतकारांकडे त्यांनी वाजवले. चित्रपटगीतांच्या वाद्यावरील तबकड्या काढल्या, लग्नसमारंभांत आणि जलशांत आपल्या पथकासह कार्यक्रम केले. थोडक्यात, पोटासाठी वाजवणाऱ्या कसबी वादकाचे हे चारचौघांसारखे आयुष्य. अशा वादकांची नावे त्या काळी तबकडीच्या वेष्टनावर सहसा येत नसत. ग्रेगरी बूथ यांनी २००८ साली मुंबईच्या स्टुडिओंतील वादकांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकातच पडद्यामागचा निर्देश आहे. गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांनी आणि संयोजकांनी या संगीताचा सांगाडा उभा केला. त्यांपैकी अँथनी गोन्साल्विस यांचे नाव 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील एका विनोदी गाण्यामुळे घरोघरी गेले; शिष्य प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला दिलेली ती मानवंदना होती. पण ते गाणे गुणगुणणाऱ्या लाखो लोकांना या नावाचा खराखुरा माणूस आहे याची कल्पनाही नव्हती. नाव पोचले, माणूस पोचला नाही. चरणजित सिंग यांचे तर नावही पोचले नव्हते.

१९८२ हे साल मुंबईत डिस्कोचे होते. 'कुर्बानी' (१९८०) आणि नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' (१९८१) येऊन गेले होते. 'डिस्को डान्सर' त्याच वर्षी पडद्यावर आला. या वातावरणात चरणजित सिंग यांनी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग. साधने तीन, तिन्ही रोलँड या जपानी कंपनीची आणि तेव्हा अगदी नवी: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाची साथ करणारे छोटे यंत्र. त्यांची कल्पना साधी होती, हे त्यांनीच पुढे मुलाखतींतून सांगितले. चित्रपटांत डिस्को सगळेच करत होते, तेव्हा तोच ठेका घेऊन काही वेगळे करावे. तबला बाजूला ठेवावा आणि राग वाजवावेत. तबकडी चालली नाही. वादक आपल्या रोजच्या कामाला लागला.

इथून पुढे इतिहास शिकागोला जातो. टीबी-३०३ हे यंत्र मुळात एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून बनवलेले. त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा मुळीच नव्हता. ग्राहकांनी पाठ फिरवली आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. ही नापास झालेली यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि शिकागोतील कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती पडली. फ्यूचर या त्रयीने त्याच्या कळी उलटसुलट पिळून एक पिळवटलेला, चिखलातून पाय काढल्यासारखा आवाज शोधला आणि १९८७ साली 'अॅसिड ट्रॅक्स' ही रचना प्रसिद्ध झाली. तिच्यापासून अॅसिड हाउस हा प्रकार सुरू झाला, असे संगीताचा इतिहास सांगतो.

२००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीतील एका दुकानात चरणजित सिंग यांची तबकडी सापडली. त्याने पुढे मुंबईत त्यांचा शोध घेतला आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित केली. युरोपातील श्रोते चकित झाले. शिकागोच्या पाच वर्षे आधी, तीच यंत्रे, तोच आवाज, आणि तोही मुंबईत! काहींना हा कोणीतरी रचलेला बनाव वाटला. एखाद्या आधुनिक संगीतकाराने जुन्या तबकडीचे सोंग आणले असावे, असाही संशय घेतला गेला. संशय फिटल्यावर गौरव सुरू झाला. अॅसिड हाउसचा खरा जनक मुंबईचा, असे मथळे आले. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपातील रंगमंचांवर गेले आणि तरुण श्रोत्यांसमोर त्यांनी ते दहा राग पुन्हा वाजवले. जुलै २०१५ मध्ये, मोरोडर यांचा नवा अल्बम येऊन महिनाही होत नाही तोच, मुंबईत त्यांचे निधन झाले.

या गौरवात आनंद आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यातील 'जनक' हा शब्द तपासून घ्यायला हवा. शिकागोतील त्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती, असे कोणीही म्हटलेले नाही. तेव्हा इथे पितृत्वाचा प्रश्नच उद्भवत नाही. उरते ते आद्यत्व. आणि तेही कशाचे आद्यत्व? दोन्ही रचना शेजारी ठेवून ऐकल्या तर साम्यापेक्षा भेद अधिक बोलका ठरतो. 'अॅसिड ट्रॅक्स'मध्ये चाल म्हणावी असे फारसे काही नाही. एक लहानसा आकृतिबंध दहा मिनिटांहून अधिक काळ फिरत राहतो आणि बदलतो तो फक्त त्याचा नादवर्ण. त्या रचनेचे सारे नाट्य कळ पिळणाऱ्या बोटांत आहे. चरणजित सिंग यांच्या तबकडीत उलट आहे. तिथे ठेका आणि खर्जाची साखळी अचल राहते, तंबोऱ्याने आणि ठेक्याने मिळून राहावे तशी; आणि ज्युपिटरवरील सुरावट रागाच्या चलनाने पुढे जाते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी सोय या यंत्रांत होती, ती शिकागोत विकृतीच्या, चकव्याच्या कामी आली. मुंबईत तीच मींडेच्या कामी आली. एकाच यंत्रातून दोन संस्कृतींनी दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्या.

यंत्राची सामाजिक जागाही वेगळी होती. शिकागोत टीबी-३०३ ही टाकून दिलेली, गरिबाला परवडणारी वस्तू होती. १९८२ च्या भारतात, आयातकर जबर असण्याच्या त्या काळात, तेच यंत्र दुर्मिळ आणि महाग होते. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांवर चरितार्थ चालवणाऱ्या व्यावसायिक वादकापाशीच ते असण्याची शक्यता. एका ठिकाणी ते अडगळीतून कलेकडे आले, दुसऱ्या ठिकाणी बाजारातील नव्या नवलाईतून. हा सारा संदर्भ पुसून 'अॅसिड हाउस पाच वर्षे आधी' एवढेच म्हणणे म्हणजे एका वाक्याच्या उत्तराची हौस भागवणे होय.

बोर्हेस या अर्जेंटिनी लेखकाने १९५१ साली काफ्काच्या पूर्वसूरींवर एक छोटा निबंध लिहिला. त्याचा आशय असा की, प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी स्वतः निर्माण करतो; काफ्का नसता तर त्याच्या आधीच्या काही विजोड लेखनातील साम्य कोणाला दिसलेच नसते. चरणजित सिंग यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९८२ मध्ये त्यांच्या तबकडीसाठी कान तयार नव्हते. ते कान शिकागोने आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांनी तयार केले. २०१० मध्ये ती तबकडी नवी वाटली, कारण ऐकणारे बदलले होते. म्हणजे मोरोडर यांचे वंशज इतके वाढले की त्यांचे नवे काम जुने वाटले. आणि इतरांच्या वंशजांमुळे चरणजित सिंग यांचे जुने काम नवे ठरले. पूर्वजाला घरात जागा उरली नाही. आणि ज्याला वंश नव्हता, त्याला दत्तक वंश मिळाला.

मराठीच्या अभ्यासकाला याचे जवळचे उदाहरण आठवावे: महात्मा फुले यांचे 'तृतीय रत्न'. हे नाटक त्यांनी १८५५ मध्ये लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. तिथे ते स्वीकारले गेले नाही. ते छापून लोकांसमोर आले १९७९ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. तेव्हापासून आपल्याकडे वाद आहे: आधुनिक मराठी नाटकाची सुरुवात कोठून मानावी? विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'पासून, कीर्तन्यांच्या १८६१ च्या 'थोरले माधवराव पेशवे'पासून, की 'तृतीय रत्न'पासून? वाद महत्त्वाचा आहे. पण बहुधा तो तारखांपाशी अडतो. मधल्या सव्वाशे वर्षांतील एकाही नाटककाराला हे नाटक वाचायला मिळाले नव्हते. म्हणून त्या परंपरेचा पूर्वज म्हणून ते उभे राहत नाही. पण म्हणून त्याचे मोल उणे होत नाही. उलट वेगळ्या जागी वाढते. जोशीबुवांच्या भूलथापांना बळी पडणाऱ्या आणि अखेर शाळेची वाट धरणाऱ्या शेतकरी जोडप्याचे नाटक १८५५ मध्ये लिहिले जाऊ शकत होते आणि तरीही ते रंगमंचावर येऊ शकत नव्हते, हे आपल्या नाट्यपरंपरेविषयीचे विधान आहे. ते नाटक 'पहिले' ठरवून आपण मोकळे झालो, तर ते कोणी व का नाकारले हा प्रश्न मागे पडतो.

येथे दोन्ही गोष्टी एकत्र येतात. चरणजित सिंग यांना अॅसिड हाउसचे जनक म्हणणे हा वरकरणी सन्मान आहे; पण त्यात ते पुन्हा एकदा दुसऱ्याच्या गाण्यातले साथीदार होतात. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या चालींना साथ केली. इतिहासानेही त्यांना शिकागोच्या कथेतील प्रस्तावनेचे पान वाजवायला बसवावे, हा न्याय नव्हे. त्यांची तबकडी ज्या प्रश्नाचे उत्तर शोधत होती, तो प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. तबला काढून घेतल्यावर राग उरतो का? उरला तर त्याचा कोणता भाग उरतो, स्वर, चलन की प्रहर? ललत पहाटेचा, मालकंस रात्रीचा, ही आपली समजूत. नृत्याच्या एकसुरी ठेक्यावर हे दोन्ही प्रहर एकाच तबकडीत बसवले की रागाचा काळाशी असलेला संबंध काय होतो? या प्रश्नांना शास्त्रीय संगीताच्या अभ्यासकांनी हात घातल्याचे फारसे दिसत नाही. युरोपाने तबकडी परत आणली, तरी तिचे ऐकणे अजून आपल्याकडे बाकी आहे.

मोरोडर यांच्या बाबतीतही न्याय असाच करावा लागेल. 'देजा व्यू'ला १९७७ च्या मापाने मोजून नापास करणे सोपे आहे. पण एखादी रीत किती खोल रुजली याचा पुरावा तिच्या प्रवर्तकाच्या सामान्य वाटणाऱ्या उत्तरकाळातच मिळतो. केशवसुतांनी रुळवलेली वळणे आज शाळकरी मुलांच्या कवितेत सापडतात. त्यात केशवसुतांचा पराभव नाही, भाषेचा विजय आहे.

म्हणून 'पुनरागमन' हा शब्द वापरताना कर्ता कोण हे पाहिले पाहिजे. व्याकरणात कलावंत परततो. इतिहासात बहुतेक वेळा वाचक आणि श्रोते परततात. चरणजित सिंग कुठे गेलेच नव्हते. ते मुंबईतच होते, वाजवत होते. जायचे होते ते आपल्याला, त्यांच्यापर्यंत. तेव्हा परीक्षेतील त्या एका वाक्याच्या प्रश्नाला आणखी दोन प्रश्न जोडावेत, असे सुचवावेसे वाटते. पहिले कोणते, हे विचारल्यावर ते कोणापर्यंत पोचले हेही विचारावे; आणि पोचले नसेल तर वाटेत कोण उभे होते, हेही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका सनात देता येते. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायला लागलो की मगच वाङ्मयेतिहास सुरू होतो.